डब्यातला अंधार

आमचे घरमालक बसल्याजागी उजवा हात फिरवत असायचे. हवेतल्या हवेत, पोटासमोर, एका लयीत. जसं काही तिथे एक न दिसणारं जातं आहे आणि त्यांचं दळण कधी संपतच नाही. बोलताना हात फिरायचा, वर्तमानपत्र वाचताना फिरायचा, कुणाच्या मयताला जाऊन बसले तरी फिरायचा. जेवताना तेवढा थांबे, कारण घास घ्यायला तोच हात लागतो. मला वाटलं, वाताचा काही आजार असेल. आई म्हणाली, "असं टक लावून बघू नये गं कुणाकडे." पण आईसुद्धा बघायची, ते मला दिसत होतं.

सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून आम्हीही नानाच म्हणायला लागलो. आज गंगापूर रोडला जाऊन बघाल तर तुम्हाला पटायचं नाही, पण तेव्हा तिथे नुसते मळे होते. झेंडू, शेवंती, मेथी, वांगी. त्यात मधेच नानांचं विटांचं, पत्र्याच्या छपराचं घर. अर्ध्यात ते एकटे आणि अर्ध्यात आम्ही मायलेकी भाडेकरू. वडील घोटीला भाताच्या गिरणीवर कारकून होते, ते आठवड्याने यायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बोलपट नुकते कुठे गावोगाव पोचायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट.

घरामागे विहीर होती. आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी शेजारच्या मळ्यातली यमुना माळीण फुलांची पाटी डोक्यावर घेऊनच दारात येऊन उभी राहिली. पाटी खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही, म्हणाली, "बाई, तुमी नवीन हाय म्हून सांगते. त्या हिरीचं पाणी सांजचं काढू नका."

आईने विचारलं, "का हो? पाणी बरं नाही का?"

"पाणी लय गोड हाय. पन आत पोर हाय."

आई हसली. मग रहाटापाशी गेली, आत वाकून पाहिलं आणि तिचं हसू जरा कमी झालं. विहिरीत दोन दोर होते. एक आपला पोहऱ्याचा. दुसरा कडेच्या कडीला बांधलेला, आणि त्याच्या टोकाला, पाण्याच्या बराच वर, एक गोल पत्र्याचा डबा लोंबत होता. त्याच्या कडेला मेण लावून तो बंद केलेला. वारा नसतानाही तो डबा हळूहळू गोल फिरायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून.

संध्याकाळी नाना तिथे यायचे, डबा वर ओढायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे, मेण कुठे तडकलंय का ते बोटाने चाचपायचे आणि पुन्हा खाली सोडायचे. सोडताना काहीतरी बोलायचे. कठड्यावर वाकून, आत तोंड करून, हळू आवाजात. दिवसभरात काय झालं ते सांगावं तसं. विहीर त्यातलं अर्धंमुर्धं परत पाठवायची, म्हणून लांबून ऐकणाऱ्याला दोघांचं बोलणं चाललंय असंच वाटे. यमुनेचं तरी काय चुकलं?

मी एकदा धीर करून विचारलं, "नाना, डब्यात काय आहे?"

"अंधार."

"अंधार कुणी डब्यात ठेवतं का?"

"ठेवावा लागतो. डबा उघडला की सांडतो. सांडला की गेला, परत भरता येत नाही." आणि डबा खाली सोडत म्हणाले, "विहिरीत गार राहतो."

नाना पूर्वी सिनेमाच्या कंपनीत होते. मूकपटांच्या दिवसांत. कॅमेऱ्याला तेव्हा हँडल असे आणि ते हाताने फिरवायचं. फार भरभर फिरवलं की पडद्यावर माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसणार, हळू फिरवलं की मुंग्यांसारखी धावणार. म्हणून हात एका लयीत हवा. नानांचा हात घड्याळासारखा होता म्हणे. कंपनी बुडाली, माणसं कुठे कुठे पांगली, नानांच्या वाट्याला एक लाकडी कॅमेरा, पडद्यावर दाखवायचं एक यंत्र आणि एका जुन्या चित्रपटाची प्रत आली. आणि हात आला. यंत्र पेटीत बंद झालं, हात काही बंद झाला नाही.

माणसाकडे ते माणूस म्हणून बघतच नसत, फिल्मवर हा कसा उतरेल तेवढंच बघत. एक डोळा मिटून. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर एकदा म्हणाले, "तुमची सगळ्यांची कुंकवं फिल्मवर काळी दिसतील." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी पदर सावरून उठलीच. नानांना कळेचना की काय बिघडलं. त्यांचं आपलं चालूच, "खरं सांगतो, तांबडं फिल्मला दिसतच नाही. तांबडं म्हणजे काळं. आणि आभाळ पांढरं. कितीही निळं असू द्या, पांढरंफटक." त्या दिवसापासून शेजारणी त्यांच्यासमोरून जाताना कपाळ झाकायच्या. ते तिरकस म्हणून बोललेच नव्हते, पण मेलेल्या जगातली बातमी सांगावी तसा त्यांचा सूर असायचा, त्याला काय करणार?

नदीकाठी तंबूत बोलपट आला तेव्हा आई, मी आणि नाना मिळून गेलो. नाना आत शिरताना कापसाचे बोळे कानात घालून बसले. मी कोपराने ढोसलं तर एक बोळा काढून म्हणाले, "बोलणारी माणसं काय, नाक्यावर दिसतात," आणि बोळा परत घातला.

त्यांचा स्वतःचा चित्रपट मात्र ते वर्षातून एकदोनदा दाखवायचे. दुपारी. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबायचं, चुना दिलेल्या भिंतीवर चित्र. कार्बाइडच्या दिव्याचा तो उग्र वास अजून आला तरी माझ्या अंगावर काटा येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आईच्या पदरात तोंड घातलं होतं. भिंत आहे, रोजची, जिच्यावर पाल बसते ती भिंत, आणि तिच्यातून एक राणी आपल्याकडे चालत येते. बोलते, पण आवाज नाही. रडते, पण आवाज नाही. फक्त नानांच्या हाताची खरखर. त्यात एक म्हातारा ऋषी शाप देतो आणि उभ्या जागी नाहीसा होतो. सांडलेलं पाणी जमिनीवरून उठून घागरीत परत जातं. माझ्या जिवाला ते फार लागलं. म्हटलं, सांडलेलं परत जाऊ शकतं तर.

आणि नाना हँडल फिरवता फिरवता सांगत असत, "हा प्रधान पटकीने गेला. ही दासी म्हणजे पुरुष आहे, तोही गेला, सापाने. हा हत्तीही गेला." देवळात आरतीला जमावेत तसे लोक हात जोडून बघत असत आणि वर ही यादी चाललेली. मी मोजायची नाही, पण एवढं कळायचं की भिंतीवर जी माणसं हिंडताहेत त्यांतलं जिवंत कुणी फारसं उरलेलं नाही. यमुना दाराशी बसून बघायची, अर्धी बाहेर, अर्धी आत. म्हणायची, "नाना, ह्यास्नी जेवू घालता का न्हाय कधी?"

आता मुख्य गोष्ट. त्या चित्रपटात राणी नदीकाठी जाते, तिला आपलं लहानपण आठवतं, ती डोळे मिटते. मग चित्र एकदम हिसका खातं आणि राणी परत चालायला लागते. तर मी दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा बघत होते तेव्हा विचारलं, "नाना, हिच्या हातात दिवा कुठून आला? आत्ता तर नव्हता."

नानांचा हात फिरत राहिला, पण त्याची लय मोडली. भिंतीवरची राणी मुंगीसारखी चार पावलं धावली. मग सावरली. चित्रपट संपला, लोक गेले, घोंगड्या काढल्या. संध्याकाळी विहिरीवर गेले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून बोलत होते. आणि तिथून सरळ आमच्या दारात आले. त्या घरात राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच.

आई भाकरी थापत होती. नाना उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, पोरीने विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोकांना वाटतं, देवाची करणी, आला दिवा हातात. तिथे एक तुकडा घालायचा होता. तो डब्यात आहे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. राणीला आपलं लहानपण दिसतं, म्हणजे एक मुलगी पाण्यात हात जोडून उभी. तिच्याशेजारी पाण्यातून दुसरी मुलगी येते, अगदी तिच्यासारखी, ती नदी. नदी तिला दिवा देते. दोन्ही मुली एकच. हे करायची युक्ती अशी की कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे अर्धं झाकण लावायचं, मुलीला एका बाजूला उभी करून हँडल फिरवायचं. मग अंधारात फिल्म उलटी गुंडाळून पहिल्यापासून आणायची, झाकण दुसऱ्या बाजूला लावायचं, मुलीला या बाजूला उभी करायची आणि त्याच फिल्मवर पुन्हा फिरवायचं. फिल्म औषधात धुतली की चित्र उमटतं, आणि एका चित्रात दोघी. मागे काळं कापड असलं की सांधा दिसत नाही.

"मुलगी माझीच होती," नाना म्हणाले. "बायको आधीच गेली होती, पोर माझ्याबरोबर कंपनीत हिंडायची. थंडीचे दिवस. हौदात उभी केली, सकाळी. एक बाजू झाली. दुसरी उद्या करू म्हटलं, ढग येऊन ऊन गेलं होतं. रात्री तिला ताप भरला. उद्या काही आलाच नाही."

तव्यावरची भाकरी करपली. आईने ती उतरवली नाही.

"मग ती फिल्म धुवून बघायची होतीत, नाना. निदान तेवढं तरी तिचं—"

"हँडल फिरवताना मी तिच्याकडे पाहिलंच नाही वहिनी. फेरे मोजत होतो. दुसऱ्या खेपेला बरोबर तेवढेच लागतात ना. कॅमेऱ्यामागे मान खाली घालून मोजत होतो, आणि ती पाण्यात. कुडकुडत होती का, रडत होती का, बाबा पुरे म्हणत होती का, मला ठाऊक नाही. ते त्या फिल्मवर आहे. तेव्हापासून आहे."

हात फिरत होता. आवाज अगदी सरळ होता, हिशेब सांगावा तसा.

"आणि एकटी कशी धुऊ? अर्धीच धुतली तर तिच्या शेजारी कायमचा काळोख. मी तिला सांगितलं होतं, बाळे, तुझ्या बाजूला तूच येणार आहेस. ही तुमची मुलगी तेवढीच आहे. तेवढीच उंच. थोडा वेळ उभी राहिली तर…"

आईने करपलेली भाकरी उतरवली. नाना गेले. दुसऱ्या दिवशी यमुनेच्या कानावर गेलं आणि ती आईवर चिडली. "पोर देता? मेलेल्या पोरीच्या जोडीला? फोटूनं आयुष्य कमी होतं म्हनत्यात, ह्यो तर फोटू न्हाय, सोयरीक हाय. ती हिला हिरीत न्हेल."

आईने मेथी निवडता निवडता म्हटलं, "माझा पहिला मुलगा गेला तेव्हा आठ महिन्यांचा होता. मला त्याचं तोंड आठवत नाही, यमुनाबाई. पाठ आठवते, टाच आठवते. तोंड नाही."

यमुनेने मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "मग निदान पेटता दिवा असू द्या पोरीच्या हातात. दोनी हातानं धरू द्या. पेटत्या दिव्याला कुनी हात लावत नाय."

आईने नानांना तीच अट घातली. नाना म्हणाले, "गोष्टीतही दिवाच आहे." दुसरी अट घालायच्या आधीच ते म्हणाले, "आणि पाणी नको. या खेपेला पाणी नाही."

डबा विहिरीतून काढून त्यांनी आपल्या कोठीच्या खोलीत नेला. दार लावलं, फटी बुजवल्या. आत फिल्म कॅमेऱ्यात भरायची, तीही पूर्ण अंधारात. आम्ही बाहेर बसलो होतो. मेण खरवडल्याचा आवाज आला, मग झाकणाचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग नानांचं बोलणं ऐकू आलं, विहिरीवर बोलत तसंच. फरक एवढाच की इथे प्रतिध्वनी यायचं कारण नव्हतं. खोलीत धान्याची पोती होती. तरी मला दोन आवाज ऐकू आले. आईलाही आले असावेत, कारण तिने माझं मनगट धरलं होतं आणि ती ते सोडेना.

अंगणात भिंतीला काळ्या घोंगड्या टांगल्या होत्या. आईने मला परकर-पोलकं घालून कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, कानामागे काजळाची तीट लावली. हातात पितळी तबक, त्यात निरांजन. नाना कॅमेऱ्यापुढे झाकण बसवत होते. डब्याच्या झाकणावर त्यांनी त्या वेळी खिळ्याने एक बाण कोरून ठेवला होता, ती कुठल्या बाजूला उभी होती ते दाखवणारा. ते डब्याचं झाकण हातात धरून त्यांनी बाण पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला उभं केलं.

"हलायचं नाही. हसायचं नाही. तुझ्या डाव्या हाताला ती आहे, असं समज."

"बघू तिच्याकडे?"

"नको. समोर बघ."

खरखर सुरू झाली. समोर ऊन, डोळ्यांत पाणी येईल एवढं. नाना मान खाली घालून मोजत होते. आणि मला थंडी वाजायला लागली. मी डावीकडून काही येतंय का याची वाट बघत होते. अंगाला कुणी लागतंय का, श्वास येतोय का. डावीकडे काही नव्हतं. थंडी पायांतून वर आली. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. अगदी हौदात उतरत जावं तशी, माझ्या आतून. वारा नव्हता, तरी निरांजनाची ज्योत माझ्याकडेच वाकली. तबक मी दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं होतं की त्याची कड तळव्यात रुतली. एकाएकी मला फार हसू यायला लागलं. कशाचं ते सांगता येत नाही. दात दाबून धरले, हसले नाही. हे आई सांगायची, मीही सांगते.

खरखर थांबली. नाना म्हणाले, "झालं." आईने मला ओढून घेतलं आणि माझे पाय हातात धरून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी म्हणाली, बर्फासारखे होते.

फिल्म धुतली की आधी उलटी निघते, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. तिच्यावरून सुलटी काढावी लागते. हे सगळं नानांनी डोळ्यांवर पंचा बांधून केलं. हसू नका, खरंच. म्हणाले, बोटांना येतं सगळं. तुकड्यातुकड्याने बघायचं नाही, तिला चालताबोलतानाच बघायचं.

दाखवलं ते एका दुपारी. नाना यंत्रापाशी, आई आणि मी चटईवर, आणि यमुना. यमुना त्या दिवशी दारात बसली नाही, आत येऊन आईला खेटून बसली. आधी भिंतीवर नुसता पाऊस पडल्यासारखे ठिपके. इतकी वर्षं डब्यात राहून फिल्मला आलेला मळ. त्यातून हळूहळू एक आकृती उमटली.

एकच.

भिंतीची एक बाजू सबंध काळी. दुसऱ्या बाजूला एक मुलगी.

"दुसरी कुठाय?" नाना म्हणाले. "दुसरी कुठाय?"

आणि मग आम्हाला दिसलं. मुलगी एक होती, पण तिला हात चार होते. दोन जोडलेले, दोन तबक धरलेले. डोळे कधी दोन, कधी चार. कपाळावर काळी कुंकवं दोन, शेजारी शेजारी, पाण्यावर हलावीत तशी. एकीच्या अंगातून दुसरी आरपार दिसत होती. यमुनेने कपाळ जमिनीला टेकवलं. "माय गं, चार हातांची."

नानांना त्याच क्षणी कळलं असणार. गोल झाकणावर काढलेला बाण. डबा गोल, झाकण गोल, ते कसंही बसतं, बाण कुठेही बघतो. इतकी वर्षं ज्या बाणावर ते विसंबले होते तो मुळात काही दाखवतच नव्हता. त्यांनी मला तिच्या शेजारी नव्हे, तिच्याच जागी उभं केलं होतं.

पण त्यांचा हात थांबला नाही. भिंतीवरचं तोंड अजून धड कुणाचंच नव्हतं आणि त्यांना एकच गोष्ट बघायची होती. ते पुढे वाकले. आई हलकेच म्हणाली, "थांबा, येतंय." मी एका बाजूला झुकले असेन, किंवा ती झुकली असेल. ती दोन काळी कुंकवं एकमेकींकडे सरकत गेली आणि एक झाली. डोळे डोळ्यांवर बसले. एक चेहरा तयार झाला, लख्ख, आणि तो सरळ आमच्याकडे बघत होता. तो माझा नव्हता. माझा नव्हता असंही नाही.

आणि तो हसत होता. दाबून, ओठ मुडपून, वर्गात मास्तरांची पाठ वळल्यावर पोरी हसतात तसा.

मग जोडलेले हात सुटले. तबकाचे हात होते तिथेच, घट्ट. सुटलेल्या हातांतला उजवा पोटासमोर आला आणि गोल फिरायला लागला. हवेतल्या हवेत, एका लयीत. मान खाली घातलेली, गाल फुगवलेले, ओठ मोजल्यासारखे हलताहेत. हुबेहूब नाना.

 भिंतीवर तो हात फिरत होता, इकडे यंत्रावर नानांचा फिरत होता, आणि दोन्हींत तिळाएवढाही फरक नव्हता.

"नक्कल करतेय," नाना म्हणाले. "माझी नक्कल करतेय कार्टी." आणि मग अगदी रोजच्या, चिडक्या आवाजात, "हात हलवू नकोस म्हणून सांगितलं होतं हिला."

पट्टी संपली. भिंत पांढरी झाली, तिच्यावरचे चुन्याचे पोपडे दिसायला लागले. नानांचा हात फिरतच होता, रिकाम्या यंत्रावर. आई उठली. परपुरुषाला तिने जन्मात कधी हात लावला नसेल, तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "नाना, झालं. हसत होती. आता थांबा."

थांबला. त्यानंतर ते आणखी बरीच वर्षं जगले, मी लग्न होऊन सिन्नरला गेले तरी माहेरपणाला आले की दिसायचे. पायरीवर बसलेले असायचे, दोन्ही हात मांडीवर पालथे. नव्याने आलेल्या भाडेकरूंना ते साधे म्हातारे वाटत.

त्या संध्याकाळी आई मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढायला बसली. एकदा उतरवली, मग थांबली, पुन्हा मूठ भरली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून उतरवली. यमुना कठड्याशी उभी होती. तिने विहिरीत पोहरा सोडला, पहिल्यांदाच सांजचं, आणि भरलेली घागर आधी आमच्या दारात आणून ठेवली.

त्या पट्टीतलं एक चित्र कापून नानांनी मला दिलं, कुंकवं एक झाली ना, तेव्हाचं. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसंच मोठं. ते मी कुंकवाच्या डबीत ठेवलंय. आता पिवळं पडलंय, कडा चिकट झाल्या आहेत. माझ्या लहानपणचा दुसरा फोटो नाही, म्हणून नातवंडं तेच खिडकीत उजेडाला धरून बघतात आणि विचारतात, "आजी, यात तू कुठली?"

मी सांगते, दिवा धरलेले हात तेवढे माझे. चेहरा आमच्या दोघींचा.